सगळ्याला पुरणारं उत्तर

भगवान रजनीश, म्हणजे पुढचे ओशो, 1974 च्या मार्चमध्ये मुंबईतलं बिऱ्हाड हलवून पुण्यात कोरेगाव पार्कला आले. पेठेतल्या पुण्याच्या लेखी तेव्हा कोरेगाव पार्क म्हणजे संस्थानिकांचे बंगले, वडाच्या पारंब्या आणि मागे नदी. तिकडे कुणाचं काही काम नसे. पण दोन-तीन वर्षांत लक्ष्मी रोडवर भगव्या झग्यातले गोरे स्त्री-पुरुष दिसायला लागले. गळ्यात 108 मण्यांची माळ, माळेला लॉकेट, लॉकेटात दाढीवाल्या गुरूंचा फोटो. ते भर रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत आणि त्या मिठ्या बराच वेळ चालत. मग पुण्याला एकदम संस्कृती आठवली. आमच्या वाड्यात ‘रजनीश’ हे नाव मुलांसमोर काढायचं नाही असा अलिखित नियम होता. म्हणजे अर्थातच आम्हा मुलांना ते पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

नियम मोडणारा माणूस माडीवरच राहत होता. बाबांचे मित्र, आम्हा सगळ्यांचे काका. सरकारी कचेरीत नोकरी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि सकाळी लूनावरून कोरेगाव पार्क. प्रवचन ऐकून ते तिथूनच कचेरीत जात. प्रवचनं एक महिना हिंदीत, एक महिना इंग्रजीत असत. काकांचं इंग्रजी फायलीवर शेरा मारण्यापुरतं, पण इंग्रजीच्या महिन्यातही ते खाडा करत नसत. रजनीशांना दमा आणि वासांची ॲलर्जी, म्हणून आत सोडण्याआधी दारावरचे शिष्य प्रत्येकाचे केस आणि मान हुंगत. अत्तर, सुगंधी साबण, वासाचं तेल, काहीही जाणवलं की परत. काकांनी तेल लावणं सोडलं. काकू म्हणायच्या, ‘लग्नाला दहा वर्षं झाली, मी कधी एवढं जवळून पाहिलं नाही ह्यांच्याकडे.’

काकूंची खरी तक्रार वेगळी होती. नळाला पाणी सकाळीच यायचं आणि भगवानही सकाळीच बोलायचे. ‘दोघांपैकी एकालाही वेळ बदलता येत नाही म्हणे,’ असं म्हणत त्या कळशा भरत.

काकांना तिथे काय मिळालं, ते आधी सांगायला हवं. ते न सांगता पुढचं लिहिलं तर तो कोडगेपणा होईल. शाळेत गीतेचा पंधरावा अध्याय पाठ करून बक्षीस मिळवलेला हा माणूस. गीतेशी भांडता येतं, हे त्यांना तिशीजवळ आल्यावर कळलं. रजनीश मुळात वादविवाद गाजवलेले प्राध्यापक. सागर विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम.ए., मग जबलपूरला अध्यापन. त्यांना बोलताना ऐकणं हा एक अनुभव असे, हे त्यांचे शत्रूही नाकारत नाहीत. कबीर, बुद्ध, येशू, झेन गुरू आणि मुल्ला नसरुद्दीन यांना एका सतरंजीवर बसवायचं आणि मध्येच एखादा चावट विनोद सोडायचा. मी कबीर पहिल्यांदा ऐकला तो काकांच्या टेपरेकॉर्डरवर, त्या संथ, शेवटचा ‘स’ लांबवणाऱ्या आवाजात. काका रागीट होते, त्यांचा राग खरोखर कमी झाला. तासाभराचं ते डायनॅमिक ध्यान, म्हणजे दहा मिनिटं जोरजोरात श्वास, दहा मिनिटं ओरडा-रडा-नाचा, दहा मिनिटं ‘हू हू’ करत उड्या, मग पुतळ्यासारखं स्तब्ध आणि शेवटी नाच. कुणाला हास्यास्पद वाटेल. पण घरात ‘आवाज चढवू नकोस’ हेच ऐकत वाढलेल्या माणसाला मनसोक्त ओरडायला जागा मिळणं ही साधी गोष्ट नाही.

अडचण इथेच आहे. लिंबू कापून करणी काढणारा, नोटांचा पाऊस पाडणारा, अंगाऱ्याने मूल देणारा बाबा सोपा असतो. त्याच्यासाठी महाराष्ट्राने 2013 मध्ये कायदा केला आणि त्या कायद्याची किंमतही चुकवली. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं ज्या कायद्यासाठी भांडले, त्याचा वटहुकूम 20 ऑगस्टला पुण्यातल्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्यानंतर चारच दिवसांत निघाला. पण सुशिक्षितांचा गुरू लिंबाला हात लावत नाही. तो मानसशास्त्र जाणतो, क्वांटम म्हणतो, स्वतःवर विनोद करतो, धर्मगुरूंची टर उडवतो. तो तुमच्या अंधश्रद्धेवर तुमच्याआधी हसतो. त्याला पकडायला कायद्याचं कलम नाही. आणि बहुतेक वेळा त्याला पकडावं असं आपल्याला वाटतही नसतं, कारण तो जे बोलतो त्यातलं निम्मं खरं असतं.

1981 च्या 1 जूनला रजनीश पुण्याहून अमेरिकेला गेले. पाठीच्या दुखण्यावर उपचार, असं कारण होतं. पुढच्याच महिन्यात शिष्यांनी ओरेगन राज्यात 64,000 एकरांचं ‘बिग मडी’ नावाचं रान विकत घेतलं आणि तिथे रजनीशपुरम् उभं केलं. कारभार वडोदऱ्याची मा आनंद शीला पाहत होती. गुरू मौनात. मौन असलं तरी रोज दुपारी ते रोल्स रॉइस चालवत बाहेर पडत, रस्त्याच्या दुतर्फा लाल कपड्यांतले शिष्य हात जोडून, डोळे मिटून उभे. अशा गाड्यांची संख्या शेवटी 93 झाली. विनोद खन्ना तिथे बागकाम करत होता. ऐन भरात सिनेमा सोडून गेलेला नट म्हणून आपल्याकडच्या मासिकांनी त्याच्या त्यागाचं केवढं कौतुक केलं! मुंबईत त्याची बायको आणि दोन लहान मुलं होती, हा त्या लेखांतला तळटिपेचा मजकूर. हे वाचताना मला कळशा भरणाऱ्या काकू आठवतात. नवऱ्याने सोडलेल्या वस्तू उचलून ठेवणारं कुणीतरी घरी असतंच.

पुढचं सगळं न्यायालयीन नोंदींतलं आहे. रजनीशपुरम् ज्या वास्को काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात होतं, तिच्या निवडणुकीत आपले उमेदवार निवडून आणायचे, म्हणून मतदारांनी मतदानाला येऊच नये अशी युक्ती काढली गेली. 1984 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द डॅलेस या छोट्या गावातल्या दहा रेस्टॉरंटांच्या सॅलड काउंटरवर साल्मोनेलाचे जंतू मिसळले. 751 माणसं आजारी पडली. त्याच सुमाराला मतांची बेरीज वाढावी म्हणून देशभरातून बेघर माणसं बस भरभरून आणली. ती आवरेनात तेव्हा त्यांच्या बिअरमध्ये गुंगीचं औषध टाकलं, आणि मतदार नोंदणीचा डाव फसल्यावर त्यांना आसपासच्या गावांत सोडून दिलं. आश्रमातल्या लोकांचेच फोन चोरून ऐकले जात होते. 1985 च्या जुलैमध्ये, भर उत्सवात, रजनीशांच्या स्वतःच्या डॉक्टरला विषारी सुई टोचण्यात आली. तो वाचला. सप्टेंबरमध्ये शीला पळाली, आणि गुरूंनी पत्रकार बोलावून तिच्या टोळीची सगळी पापं स्वतःच जाहीर केली.

न्यायाला धरून बोलायचं तर हेही सांगितलं पाहिजे, की विषबाधेचा ठपका रजनीशांवर कधी आला नाही, त्याचा खटलाही त्यांच्यावर चालला नाही. त्यांच्यावर होते ते परदेशी नागरिकांच्या कायद्याखालचे आरोप, खोटी माहिती देणं, खोटी लग्नं जुळवणं वगैरे. दोन आरोपांपुरती तडजोड झाली, 4 लाख डॉलर दंड भरून नोव्हेंबर 1985 मध्ये त्यांनी अमेरिका सोडली. देशामागून देश त्यांना नाकारत गेले आणि 1987 च्या जानेवारीत ते पुन्हा कोरेगाव पार्कात आले. ‘ओशो’ हे नाव त्यानंतरचं, अगदी शेवटच्या वर्षातलं.

कॉलेजात असताना मी हे सगळं एका इंग्रजी साप्ताहिकात वाचलं आणि तावातावाने माडीवर गेले. काका शेंगा सोलत बसले होते.

‘काका, हे तुम्हाला माहीत होतं?’

‘अगं, ते शीलाने केलं. भगवान मौनात होते.’

‘पण तुम्हीच म्हणायचात ना, समोर बसलेल्याच्या मनातलं त्यांना न सांगता कळतं. मग शेजारच्या घरात काय शिजतंय ते नाही कळलं?’

काका हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ‘कळलं असेल की. तोच तर डिव्हाइस.’

ओशोंच्या शिष्यांमध्ये हा शब्द पदोपदी येतो. गुरू जे करतो ते तुम्हाला जागं करण्यासाठीचा उपाय. गुरू प्रेमाने बोलला, डिव्हाइस. अपमान केला, डिव्हाइस. काल जे सांगितलं त्याच्या नेमकं उलट आज सांगितलं, तुमचं मन कशाला चिकटू नये म्हणून डिव्हाइस. 93 गाड्या, अमेरिकन माणसाच्या गाडीवेडाला वेडावून दाखवण्याचा डिव्हाइस. हिऱ्यांची घड्याळं, तेही तेच. आणि शीलाच्या हाती सत्ता देणं? सत्तेला शरण जाणाऱ्यांचं काय होतं याचा जिवंत धडा, म्हणजे सगळ्यात मोठा डिव्हाइस. काकांनी मला ते इतक्या सुंदर रीतीने पटवून दिलं की मी शेंगा खात ऐकत बसले. खाली आल्यावर लक्षात आलं, की द डॅलेसमध्ये त्या दिवशी सॅलड खाल्लेल्या माणसांनी कुणाकडून संन्यास घेतला नव्हता. आम्हाला जागं करा, असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी कुठल्याही गुरूकडे पाहताना चमत्कार, आश्रमाची श्रीमंती, वस्त्रांचा रंग यांकडे फारसं बघत नाही. एकच गोष्ट तपासते. त्याच्या माणसांकडे सगळ्याला पुरणारं उत्तर आहे का? गुरू चुकला असं ज्या परिस्थितीत म्हणता येईल, अशी एक तरी परिस्थिती त्यांना सांगता येते का? बहुतेकांना येत नाही. त्या उत्तराचं नाव तेवढं बदलतं. कुणी लीला म्हणतं, कुणी परीक्षा, कुणी प्रारब्ध, कुणी ‘तुमची पातळी अजून तिथे नाही’. आणि खटला उभा राहिला की एक हमखास शब्द येतो, षड्यंत्र. आसाराम बापूला एप्रिल 2018 मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराबद्दल जन्मठेप दिली, त्यानंतर गांधीनगरच्या न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात पुन्हा दिली, आणि निकालांच्या आधीच साक्षीदारांचे खून पडले होते. तरी माझ्या ओळखीत एक सुशिक्षित, प्रेमळ बाई आहेत ज्यांना हा सगळा संतांच्या छळाचा पुढचा अध्याय वाटतो. हरयाणातल्या राम रहीमला बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरवल्यावर 2017 च्या ऑगस्टमध्ये पंचकुलात जाळपोळ झाली आणि तीसहून अधिक माणसं मेली. तिथेही पुरावा वाचून कुणी दगड उचलला नव्हता.

आता यावर नेहमीचा समजूतदार सल्ला येतो, ‘अहो, माणूस कसा का असेना, त्याचं जे चांगलं आहे ते घ्यावं.’ मला हा सल्ला अर्धाच पटतो. कबीरावरची ती प्रवचनं मी आजही ऐकते. कवितेवरचं भाष्य म्हणून ती उत्तम आहेत, आणि भाष्यकाराच्या गॅरेजमध्ये किती गाड्या होत्या याने कबीराचा अर्थ बदलत नाही. गणिताचे मास्तर लबाड निघाले म्हणून वर्तुळाचं क्षेत्रफळ बदलत नाही, तसंच. पण गुरू स्वतःला भाष्यकार म्हणवत नाही ना! तो म्हणतो, मी पोचलेलो आहे, आणि माझ्या हाती सर्वस्व सोपवलंस तर तूही पोचशील. त्याच्या शिकवणीचा पुरावा म्हणून तो स्वतःलाच समोर ठेवतो. दुसरा पुरावा त्याच्याकडे नसतोच. जागृती काही वजनकाट्यावर घालून दाखवता येत नाही. मग त्याचं वागणं हाच एकमेव कागद आपल्या हातात उरतो. तो कागद वाचायला लागलं की शिष्य म्हणतात, वागण्यावर जाऊ नका. आणि हे ‘वागण्यावर जाऊ नका’ फक्त एका माणसाला लागू असतं. बाकी आपण सगळे वागण्यावरूनच मोजले जातो, शिष्य तर मिनिटामिनिटाला.

पुण्यातल्या पहिल्या पर्वात एन्काउंटर ग्रुप चालत. मनातली घाण बाहेर काढण्याच्या नावाखाली त्यात मारामाऱ्या होत, हाडं मोडत. 1979 मध्ये गटांतली हिंसा थांबवल्याचं आश्रमाला जाहीर करावं लागलं. आता पन्नाशीला पोचलेली काही माणसं, जी रजनीशांच्या शिष्यांच्या कम्यूनांमध्ये, म्हणजे सामूहिक वस्त्यांमध्ये, लहानपणी वाढली, गेल्या काही वर्षांत जाहीरपणे बोलू लागली आहेत. आईवडील ध्यानात, मुलं कुणाच्याच ताब्यात नाहीत, आणि मोठ्यांनी त्यांचं लैंगिक शोषण केलं. ही मुलं शिष्य नव्हती. त्यांनी समर्पण केलं नव्हतं. त्यांना समर्पणाबरोबर आणलं गेलं होतं. डिव्हाइसचं तत्त्वज्ञान या मुलांसमोर उभं राहून एकदा मोठ्याने म्हणून बघावं. मला नाही वाटत काकांना ते जमलं असतं.

आमची आताची सोसायटी बाणेरमधली. वाडा पाडला, काका-काकू लेकाकडे कोथरूडला गेले. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दोनेक वर्षांपूर्वी एका प्रसिद्ध गुरूंच्या संस्थेचं शिबिर झालं. नाव लिहीत नाही, कारण नावाने फरक पडत नाही. पांढऱ्या शुभ्र कुर्त्यातला, आयटीतली नोकरी सोडून आलेला हसतमुख शिक्षक, श्वासाचे प्रकार, शेवटच्या दिवशी सगळे रडतात, गळ्यात पडतात. शिबिर वाईट नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींची झोप वर्षानुवर्षं गेली होती, ती आली. म्हणून त्यांनी पुढच्या पातळीचं शिबिर केलं, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक पातळीची फी मागच्यापेक्षा भारी. मग सेवा आली, म्हणजे पुढच्या शिबिराच्या सतरंज्या घालणं, फोन करून माणसं गोळा करणं. मग एका प्रकल्पासाठी देणगी, रोख.

वहिनी हिशेबनीस आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासण्यात गेलेली बाई. त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर साधं विचारलं, ‘देणगीची पावती कधी मिळेल? 80जीच्या करसवलतीसाठी हवी होती.’

दहा मिनिटं ग्रुपवर शांतता. मग एका ज्येष्ठ साधिकेचा निरोप आला: ‘ताई, हिशेब मांडणारं मन ध्यानात कसं उतरेल? गुरुजी तुमची आसक्ती तुम्हालाच दाखवत आहेत.’ त्याखाली नमस्काराच्या हातांची रांगच लागली. वहिनींनी पुन्हा विचारलं. त्यावर, त्यांची कंपनं खालावल्याचं आणि ग्रुपच्या सामूहिक ऊर्जेवर परिणाम होत असल्याचं कळवण्यात आलं. संध्याकाळपर्यंत त्यांना ग्रुपमधून काढलं होतं. पुढचे कितीतरी दिवस लिफ्टमध्ये बायका त्यांना हळू आवाजात ‘आता बरं आहे ना?’ असं विचारत, जणू काही त्यांचं ऑपरेशन झालं आहे.

मला यातलं सगळ्यात भीतिदायक वाटलं ते पैशांचं नव्हे. रक्कम काही डोळे पांढरे करणारी नव्हती, आणि पावती कदाचित नुसती राहूनही गेली असेल. पण पावतीचा प्रश्न पावतीने सुटला असता, तिथे त्यांनी प्रश्न विचारणारीलाच रोगी ठरवलं. आणि हे त्या गुरूंनी सांगून केलेलं नव्हतं! त्यांना वहिनींचं नावही ठाऊक नसणार. हे आमच्याच बिल्डिंगमधल्या, एरवी दुधाच्या बिलावरून दहा रुपयांसाठी भांडणाऱ्या चार बायकांनी आपणहून केलं. गुरूचं निम्मं काम शिष्यच परस्पर उरकतात, तेही फुकट. शीला काय एकटी होती? तिच्या हाताखाली वकील होते, परिचारिका होत्या, विद्यापीठांत शिकलेली माणसं होती.

मग चांगला गुरू नसतोच का, असं माझे बाबा एकदा वैतागून म्हणाले होते. आपल्याकडे गाडगेबाबांचं उदाहरण आहे, पण ते इतकं झगझगीत आहे की त्याचा उपयोग करताना मला संकोच वाटतो. अक्षरओळख नसलेला माणूस. कीर्तनात उपदेश करण्याऐवजी समोरच्यांना प्रश्न विचारायचा आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचा. पाया पडायला वाकलेल्याच्या पाठीत काठी घालायचा. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपल्याला कुणी शिष्य नाही, असं सांगत फिरायचा. मुंबईला उपचारासाठी येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पंढरपुरात धर्मशाळा बांधली, आणि स्वतः खराटा घेऊन पुढच्या गावी निघून गेले. पण सगळ्यांनी गाडगेबाबा व्हावं हा काही निकष नाही. आणि गुरुपद नाकारणं हा मुलामाही असू शकतो. जे. कृष्णमूर्तींनी 3 ऑगस्ट 1929 रोजी हॉलंडमधल्या ओमेनला, त्यांना जगद्गुरू मानणारी अख्खी संघटना भर सभेत विसर्जित केली. सत्याला वाट नाही, मला अनुयायी नकोत, असं सांगितलं. एवढा मोठा नकार मला तरी दुसरा माहीत नाही. तरीही पुढची पन्नासहून अधिक वर्षं श्रोते त्यांच्यामागे जात राहिले, आणि जवळच्याच सहकाऱ्याशी ट्रस्टच्या मालमत्तेवरून त्यांची कोर्टबाजी झाली. वारीत मला एक गोष्ट आवडते, की दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात; कोण आधी वाकतो याचीच स्पर्धा. (दिंड्यांच्या क्रमांकांवरून आणि फडांच्या मानावरून काय होतं ते मला ठाऊक आहे, कुणी कळवू नये.)

गुरू गेल्यावर तर ही गोष्ट जास्तच उघडी पडते. ओशो 19 जानेवारी 1990 ला पुण्यात गेले. समाधीवर लिहिलं आहे, की ते जन्मले नाहीत, मेले नाहीत, 11 डिसेंबर 1931 ते 19 जानेवारी 1990 या काळात या पृथ्वीला भेट देऊन गेले. पाहुणा गेला आणि घर कुणाचं यावरून भांडण लागलं. ‘ओशो’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून आपलं असावं, यासाठी संस्थेने अमेरिकेत लढा दिला आणि 2009 मध्ये ती हरली. युरोपात मात्र 2017 मध्ये ट्रेडमार्क टिकला. म्हणजे जो जन्मलाच नाही, त्याचं नाव अटलांटिकच्या एका काठावर सर्वांचं आणि दुसऱ्या काठावर खासगी मालकीचं. 2013 मध्ये युरोपातल्या याच वादात ओशोंचं म्हणून एक मृत्युपत्र पुढे आलं. ते बनावट आहे, अशी तक्रार काही जुन्या शिष्यांनी पुण्याच्या पोलिसांत केली. आश्रमाचं रिसॉर्ट झालं, आत मरून रंगाचा झगा सक्तीचा आणि गळ्यात माळ घालायला मनाई. जी माळ एकेकाळी पुण्याच्या रस्त्यावर शिष्याची ओळख होती, ती घालून शिष्य आत शिरले म्हणून मार्च 2023 मध्ये पोलिसांना लाठी चालवावी लागली. दोन्ही बाजूंकडे ओशोंची वचनं भरपूर. ते दोन्ही बाजूंनी बोलून गेलेले होते.

या सगळ्या प्रकरणात मला आवडलेलं पात्र अगदीच रुक्ष आहे. संस्थेने कोविडच्या काळातला तोटा दाखवून कोरेगाव पार्कातले दोन भूखंड 107 कोटी रुपयांना विकायचं ठरवलं होतं. पण महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची जमीन विकायची, तर 1950 च्या कायद्याच्या 36 व्या कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. विकायची गरज खरंच आहे का, न्यासाचं त्यात हित आहे का, हे तिथे दाखवावं लागतं. डिसेंबर 2023 मध्ये सहधर्मादाय आयुक्तांनी परवानगी नाकारली. फायली, मूल्यांकन, ताळेबंद, हरकती. कोरेगाव पार्कात एवढ्या वर्षांत आलेल्या बहुतेक साधकांनी जे विचारलं नाही, ते एका सरकारी कार्यालयाने छापील नमुन्यात विचारलं.

काकांनी त्या बातमीचं कात्रण काढून ठेवलं होतं. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, डोळ्याला कमी दिसतं, तरी कात्रण मला वाचून दाखवायचा आग्रह. ‘बरं झालं. कुणीतरी हिशेब मागायलाच हवा होता. ट्रस्टची जमीन म्हणजे काय घरची आहे?’

‘काका, हाही डिव्हाइसच असेल की.’

‘छे गं! हा व्यवहार आहे.’

‘मग त्या 93 गाड्या?’

काकू आतून हसल्या. काकांनी कात्रणाची नीट चौघडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवली.

‘त्याचं वेगळं आहे,’ ते म्हणाले.